अकोल्याची बाजू

ठोसर वकिलांच्या घरी जेवायच्या टेबलावर कोणीही जेवत नाही. पाहुणा कितीही मोठा असो, ताट मांडीवर. कारण त्या टेबलाच्या मधोमध खडूची रेघ ओढलेली आहे. रेघेच्या अलीकडे वकीलसाहेबांची फौज उभी असते. बोटाच्या पेराएवढे खेळण्यातले सामुराई, म्हणजे जुन्या जपानातले तलवारबाज, चिलखत घातलेले, पाठीला निशाणं बांधलेले. रेघेच्या पलीकडे काही नाही, नुसतं लाकूड. मी त्यांचा शेजारी; रेघ नवी होती तेव्हा एकदा त्या रिकाम्या बाजूवर चहाचा कप ठेवला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"वानखडे, उचला तो कप. ते अकोल्याचं आहे."

मी वीज मंडळात लोकांच्या शिव्या खात जन्म काढलेला माणूस. मला वाटलं, जागेचा वाद असेल. वकिलाच्या घरात टेबलाचीही वाटणी होऊ शकते. पण अकोल्याला त्यांचा एकुलता एक मुलगा आशुतोष राहतो, त्याचं तिथं फ्लेक्सबोर्ड छापायचं दुकान आहे. आणि बापलेकांचं युद्ध चाललेलं आहे, हे मला हळूहळू कळलं. हे युद्ध कैक वर्षं चालू आहे आणि अजून एकाही सैनिकानं एक पाऊल टाकलेलं नाही. का, तर नियम ठरले नाहीत.

"आधी नियम ठरू द्या." हे साहेबांचं पालुपद. कॉलनीतल्या आम्ही म्हाताऱ्यांनी मंदिरामागं कॅरम सुरू केलं, तर हे आले आणि राणी घेतल्यावर पुढची सोंगटी चुकली तर काय, यावर असं बोलत बसले की त्या हिवाळ्यात आम्ही कॅरमवर फक्त शेंगा सोलल्या. माझ्या बायकोनं कौतुकानं भरीत-भाकरी पाठवली, तर डबा परत करताना रिकामा करायचा की काही घालून, हे विचारायला स्वतः आले. बायको म्हणाली, या माणसाचं लग्न कसं झालं असेल हो? मी म्हटलं, तारीख पडत पडत झालं असेल.

हे सामुराई घरात आणले आशूनं. पुण्याला शिकायला होता तेव्हा कुठल्या तरी मित्रांच्या नादी लागून एका दिवाळीला दोन पेट्या घेऊन आला. एक फौज बाबांना, एक आपल्याला. खेळ असा की फौजा टेबलावर मांडायच्या, मोजायची टेप लावून सैनिक पुढे न्यायचे, फासे टाकायचे आणि कोण मेलं ते ठरवायचं. साहेबांना फाशात रस नव्हता. पण पेटीसोबत नियमांचं पुस्तक होतं, आणि त्यात कलमं होती, पोटकलमं होती, अपवाद होते. साहेब रात्री ते उशाशी घेऊन झोपायला लागले. मग त्यांना शोध लागला की जगात अशी नियमांची पुस्तकं ढीगभर आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. कोर्टाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी सगळ्यांच्या प्रती काढून घेतल्या आणि लाल फितीत बांधल्या. आमच्या या ऊन-धुळीच्या गावात जपानी लढाईच्या कायद्याचं असं दफ्तर दुसरं कुणाकडे नसेल. गरजही नाही म्हणा कुणाला.

भांडण मुख्यतः एकाच गोष्टीवरून. सैनिक नुसता उभा राहत नाही, त्याच्या पायाखाली चकती चिकटवावी लागते. तिला हे लोक बेस म्हणतात. काही पुस्तकं म्हणतात, चौकोनी बेस घ्या, एकेका चौकोनावर चार-सहा जण चिकटवा, म्हणजे पलटण एकदम हलते. काही म्हणतात, प्रत्येकाला स्वतःचा गोल बेस द्या, म्हणजे एकेक माणूस आपल्या जिवावर लढतो. आणि एकदा चिकटवलं की चिकटवलं. बेस ठरला की पुस्तक ठरलं. साहेब चौकोनी पक्षाचे, आशू गोल पक्षाचा.

दर रविवारी सकाळी आशूचा फोन यायचा. मी पेपर वाचायच्या निमित्तानं तिथंच असायचो. फोनवर 'कसे आहात' नाही, 'जेवण करता का' नाही. थेट सुरुवात. बाबा, पलटणीत पुढचा मेला तर मागचा उभाच कसा? बाबा, तुम्ही माणसं मोजताच कुठं, तुम्ही चौकोन मोजता. इकडून साहेब फीत सोडून पानं उलटत, चष्मा कपाळावर, आणि त्यांच्या आवाजाला भर कोर्टातली धार यायची. कधी कधी तासभर चालायचं. मला बापड्याला दोन ओळीही वाचता येत नसत.

मी एकदा वैतागून म्हटलं, अहो साहेब, सोडा की आता, गोल तर गोल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विरुद्ध पक्षाकडून पैसे खाल्लेत. माझाही मुलगा आहे, बंगळुरूला. रोज फोन करतो, 'जेवले का' विचारतो आणि मी हो म्हणायच्या आत ठेवतो. त्याला शिस्त म्हणतात. घरी जाताना मला वाटायचं, ठोसरांचा निदान भांडतो तरी.

त्यात मातीचं प्रकरण झालं. बेसवर जमीन दाखवावी लागते, नाहीतर सैनिक हवेत उभा वाटतो. पुस्तकात लिहिलं होतं, वाळू वापरा. साहेब म्हणाले, वाळू कशाला, आपल्याकडे माती आहे. वलगावच्या एका पक्षकाराच्या शेतातून काळी माती आणली, चहाच्या गाळणीनं चाळली, गोंदात कालवली आणि भाकरीला लोणी लावावं तशी जाड थापली. भाजीवालीकडून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणून, वाळवून, चुरून गवत म्हणून वरून भुरभुरली. बेस मात्र विकत आणले नाहीत. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, तो कापून चौकोन केले. साहेबांचा कुठलाही सरदार उलटा केला तर त्याच्या तळव्याखाली गणपती निघतो, नाहीतर 'आमचे येथे श्रीकृपेकरून'.

वऱ्हाडातला माणूस, जन्म इथंच गेला, आणि मे महिन्यात काळी माती काय करते हे विसरला. एका आठवड्यात सगळी फौज भेगाळली. माती आखडली, तिनं पुठ्ठे वर ओढले, आणि सामुराई एकमेकांच्या अंगावर कलंडले. सांभाराला मुंग्या लागल्या त्या वेगळ्याच. रविवारी आशूला कळलं तेव्हा फोनवर पहिल्यांदा तो हसलेला मी ऐकला.

"बाबा, जपानात काळी माती कुठून आली?"

"ज्वालामुखीचा देश आहे तो. आपलीही माती ज्वालामुखीचीच म्हण."

"मग पडले काहून?"

"उभे राहतीन. पातळ लावतो आता."

फोन ठेवल्यावर साहेब बराच वेळ ती पडलेली माणसं हातात घेऊन बसले होते. म्हणाले, हसला. मी म्हटलं, हसला तर. त्यात काय एवढं? त्यात काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. उगाच म्हटलं.

साहेबांच्या पत्नी सुमनवहिनी गेल्या त्या दिवशी दवाखान्यात मी होतो. आशू होता. साहेब नव्हते. त्यांची परतवाड्याच्या कोर्टात तारीख होती. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं होतं की आज घरच्यांनी जवळ राहा. साहेबांनी काळा कोट घातला, 'दुपारी येतो' म्हणाले आणि बस धरली. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात लोकांसाठी पुढच्या तारखा मागितल्या, पक्षकाराला सर्दी झाली म्हणून मागितल्या, त्यानं त्या दिवशी स्वतःसाठी एक तारीख मागितली नाही. वहिनी दुपारीच गेल्या. साहेब संध्याकाळी आले. आशू दारात उभा होता. बापाला पाहून तो नुसता बाजूला सरकला. तेराव्यानंतर आपली पेटी उचलून अकोल्याला गेला.

कित्येक महिने फोन नाही. मग एका रविवारी आला. बाबा, त्या दुसऱ्या पुस्तकातलं घोडेस्वाराचं कलम वाचलं का? बस. तेव्हापासून घोडेस्वार, धनुष्यबाण, चौकोन आणि गोल. आईचं नाव दोघांपैकी एकानंही काढलं नाही. मला त्या दोघांचाही राग यायचा, खोटं कशाला बोलू. एकाला माफी मागता येत नाही, दुसऱ्याला शिवी देता येत नाही, आणि मधल्यामधे जपानचे लोक ताटकळत उभे.

यंदा दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी फोन आला. साहेबांनी नवीन पुस्तक मिळवलं होतं, त्यावर आक्षेप काढून ठेवले होते. फोन टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून ते सुरू झाले. पहिलाच मुद्दा निम्मा झाला असेल.

"बाबा, तुमी म्हणता तेच नियम. चौकोनी तर चौकोनी. मले सगळं मान्य आहे."

साहेबांचं बोट पानावर तसंच राहिलं. "सगळं?"

"सगळं. माझी फौज पाठवून देतो, तुमीच चिकटवा. आमी घर बदलून राहिलो, तिथं जागा नाही." मग 'ठेवतो' म्हणाला आणि ठेवला.

मी मूर्खासारखं म्हटलं, घ्या साहेब, जिंकलात की. त्यांनी फीत बांधायला घेतली. गाठ काही बसेना.

"वानखडे, समोरचा पक्ष भांडते तोवर केस जिवंत असते. त्यानं सगळंच मान्य केलं म्हणजे तो पुन्हा कोर्टात येत नसते."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. खासगी बसनं एक खोकं तेवढं आलं. आत कापसात गुंडाळलेली आशूची फौज. गोल चकत्या त्यानं खरवडून काढल्या होत्या. सगळे अनवाणी. साहेब एकेकाला उजेडात धरून तळवे पाहत होते, आणि मला वाटलं, या पोट्ट्याला धरून दोन कानाखाली द्याव्या. मग वाटलं, कुणाच्या वतीनं देणार मी?

काही दिवसांनी गेलो तर साहेब टेबलाशी वाकून बसलेले. औषधाच्या बाटलीचं झाकण पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं गोल काढत होते आणि नखं कापायच्या कात्रीनं कापत होते. शेजारी वाटीत काळी माती, यावेळी ताकासारखी पातळ. एक थर लावायचा, सुकू द्यायचा, मग दुसरा. कडेला एक थेंबही ओघळला नव्हता.

मी म्हटलं, साहेब, हे गोल कसे? तुमच्या बाजूनं निकाल लागला ना?

"त्याची माणसं आहेत. त्याच्याच नियमानं उभी राहतीन."

मग मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं. वहिनींच्या वेळी तारीख का मागितली नाही? साहेबांनी ब्रश पाण्यात बुडवला.

"तारीख मागाले कारण लिहा लागते. आदल्या रात्री अर्ज लिहायले बसलो होतो. 'पत्नी अत्यवस्थ' असं लिहा लागलं असतं. मी लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, वानखडे. नाही लिहिलं."

मी म्हटलं, हे आशूला सांगितलं?

"तो चौकोनाचंच विचारे," साहेब म्हणाले. "मी चौकोनाचं सांगो."

आज रविवार. सकाळी गेलो तेव्हा टेबलाची अकोल्याची बाजू भरलेली होती. रेघेपलीकडे आशूचे सामुराई, प्रत्येक जण आपल्या गोल काळ्या जमिनीवर, एकही भेग नाही. फोन रेघेवर ठेवलेला. साहेब अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. नेहमीची वेळ झाली. मग टळून गेली. चहा झाला. पेपर माझ्या हातात होता आणि घरात एवढी शांतता होती की मला सगळा वाचता आला असता.

मला राहवलं नाही. मी उठलो, पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसलो. त्या खुर्चीवर त्यांनी मला कधी बसू दिलं नव्हतं. घसा खाकरून म्हटलं, "चौकोनी बेस आमाले मान्य नाही. तुमी माणसं मोजत नाही, चौकोन मोजता."

साहेबांनी वर पाहिलं. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मला वाटलं, ओरडतील, उठा म्हणतील.

"तुमाले नाही जमत, वानखडे," ते म्हणाले. "तो याच्यापेक्षा तोडून बोलते."

मी पेपर उचलला. कशाला नसत्या भानगडीत पडलो म्हणून स्वतःवरच चरफडत होतो. साहेबांची नजर फोनवर होती. त्यांनी एका सैनिकाचा बेस बोटानं जरासा सरळ केला.

"पण बोला," ते म्हणाले. "आणखी एकदा बोला."