दहा डॉक्टरांचा पेपर आणि कोरडी पोळी

लातूर-नांदेडातले निम्मे डॉक्टर माझ्या वरणावर झालेत, हे मी उगं सांगत न्हाई. क्लासच्या पोरांची खानावळ पंचवीस वर्षं चालवली मी. माझं वरण असं, की ढ पोरगं दोन वाट्या प्यालं की त्याला दोनशे सहा हाडं पाठ! माझ्या नातीची, सुकन्याची, डॉक्टरकी मात्र दोन मार्कांनी हुकली. त्यात वरणाची चूक न्हाई. तिला वरणच आवडत न्हाई.

पण पोरगी भूकंपाच्या सालची. ती काय हलते? पुण्याच्या एका कंपनीनं तिला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं. काम असं, की आपल्याकडं लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरवर खरोखर काय इलाज होतो, ते डॉक्टरांना विचारून फॉर्म भरून आणायचे. दहा डॉक्टर, सोमवारपर्यंत. न्हाई आणले तर नोकरी खलास. आन् मी तर सगळ्या गल्लीत पेढे वाटून बसले होते!

आठ दिवस पोरगी दवाखान्यांच्या बाकड्यावर बसून आली. जो तो म्हणायचा, ठेवून जा, बघतो. एकानं बी फॉर्म भरला न्हाई. शेवटी मी चष्मा लावून फॉर्म बघितला. प्रत्येक प्रश्नाखाली चार चौकटी, अ ब क ड.

म्हणलं, "माय, हा तर पेपर हाय. लातुरात पेपर कुणी कोरा सोडत न्हाई. तू बस घरी."

तडक शिवलिंगच्या दवाखान्यात गेले. मोठा सर्जन हाय आता, पण माझ्याकडं जेवायचा तेव्हा मिसरूड बी फुटलं नव्हतं. खुर्चीवर टेकले आन् सहज बोलल्यासारखं म्हणलं, "नांदेडच्या दयानंदानं हा पेपर अर्ध्या तासात सोडवला म्हणं."

शिवलिंग आन् दयानंद एका बॅचचे. दयानंद पहिला, शिवलिंग दुसरा. त्या वर्षीचा एक प्रश्नच चुकीचा होता, असं शिवलिंग आजबी पेशंटला टाके घालताना सांगतो. त्यानं चष्मा पुसला.

"मावशी, चुकलेल्या उत्तराचे मार्क कापतेत का?"

"कापतेत," मी म्हणलं. मला काय माहीत? पण कापतेत म्हणलेलं बरं असतंय.

त्यानं कंपाउंडरला सांगितलं, तासभर पेशंट सोडू नको. उशीएवढं जाड पुस्तक खाली काढलं. मी बाहेर येऊन दयानंदाला फोन लावला, शिवलिंगनं वीस मिनिटांत सोडवला म्हणून.

मग काय इचारता! एका डॉक्टरानं रिव्हिजनसाठी ओपीडी बंद ठेवली. एकानं आपल्या जुन्या क्लासच्या सरांना गाठलं. झेरॉक्सच्या दुकानात उत्तरांसकट संच निघाला म्हणतेत. शनिवारी सकाळी दहाच्या दहा फॉर्म मी सुकन्याच्या ओटीत टाकले.

तिनं एक वाचला, दुसरा वाचला, आन् तोंड उतरलं.

"आजे, हे सगळं पुस्तकातलं हाय."

"मग? बरोबर हाय न्हवं?"

"पुस्तकात काय हाय ते पुण्याला माहीत हाय गं. त्यांना इथं काय होतं ते पाहिजे. दुर्बिणीनं गाठ काढली की दर तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघावं लागतंय. मधेच यायचं सोडलेले पेशंट किती, तर दहाही जणांनी शून्य लिहिलंय. आपला संगप्पामामा गेला का पुन्हा?"

देगलूरचा संगप्पा, माझा मानलेला भाऊ. लघवीतून रक्त थांबलं, की त्यानं दवाखान्याचं नाव टाकलं. वर्षानं गेला बिचारा.

पोरगी रडली न्हाई. गुपचूप कंपनीला पत्र लिहायला बसली, की काम जमलं न्हाई. ते मला लई लागलं.

मी लगेच दहा फोन केले. उद्या रविवार, दुपारी पुरणपोळी, हजर व्हा. खानावळीत आमचा एक नियम होता. रविवारच्या टेस्टमधी कोणतं उत्तर अंदाजानं ठोकलं, ते खरं सांगितल्याबिगर पोळीवर तूप न्हाई.

दहाही आले. दयानंद तीन तास गाडी चालवून नांदेडहून आला. पंगत बसली आन् मी तुपाचं भांडं घेऊन उभी राहिले.

"बोला. काय काय ठोकलं?"

सगळे ताटात बघायला लागले. मुज्तबा डॉक्टरचे केस पिकले, पण तुपाची हाव तीच. तोच आधी बोलला. "मावशी, माझ्याकडं दहातले सहा परत येत न्हाईत. रक्त थांबलं की बरं झालं समजतेत."

मी तूप सोडलं. मग शिवलिंगनं सांगितलं, पिशवीत सोडायचं औषध दोन-दोन महिने मिळत न्हाई, हैदराबादला पाठवतो, निम्मे जातच न्हाईत. दयानंद म्हणाला, लोक वर्षभर उष्णता म्हणून सब्जा पितेत आन् मग येतेत. सुकन्या फॉर्म नवे काढून लिहीत होती, उलट प्रश्न करत होती, आन् डॉक्टर लोक पोळी हातात धरून उत्तरं देत होते. दोन मार्कांनी हुकलेली माझी पोरगी आन् समोर दहा डॉक्टर परीक्षेला! माझा ऊर असा भरून आला, की मुज्तबाला तिसऱ्यांदा तूप गेलं.

मी बी ताट घेऊन बसले, तेवढ्यात शिवलिंगनं दयानंदाला इचारलं, "अर्ध्या तासात कसा सोडवलास रे?"

"मी? तू वीस मिनिटांत सोडवला म्हणून मी दवाखाना बंद करून बसलो!"

दहा डॉक्टर माझ्याकडं बघायले. सुकन्यानं उठून माझ्या हातातलं तुपाचं भांडं काढून घेतलं.

"आजे, तू काय ठोकलं?"

मी म्हणलं, मला आठवत न्हाई.

सुकन्याची नोकरी पक्की झाली, हे गल्लीत सगळ्यांना माहीत हाय. पोळी मी कोरडी खाल्ली, हे तुम्हालाच सांगते. आन् ते तूप बी माझ्याच म्हशीचं होतं.