चार पानी तक्रार

वडिलांनी मुलीचं नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलं, तेव्हा घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आईने ते खिडकीपाशी उजेडात धरून पाहिलं आणि आता पाणी सांडलं तरी भीती नाही, असं समाधानाने सांगितलं.

मुलगी नऊ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. हॉस्पिटलात तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि वडील घरातसुद्धा सिस्टरच म्हणत. जेवायला हाक मारतानाही. ते स्वतः शाळेच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. परदेशातल्या एका मोठ्या हॉस्पिटलने सिस्टरला निवडलं होतं. भाषेची परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली होती. तिथल्या थिएटरमधली जागा तिच्यासाठी दोन महिने राखून ठेवलेली होती. आता तिकडच्या नर्सिंग मंडळात नाव नोंदवायचं तेवढं राहिलं होतं आणि त्यासाठी मूळ प्रमाणपत्रावर सरकारी शिक्का हवा होता.

शिक्का मारणाऱ्या माणसाने प्रमाणपत्र बोटाने टकटक वाजवून पाहिलं. प्लॅस्टिकवर शाई धरत नाही, म्हणाला, आणि पुढच्याला बोलावलं.

सिस्टर ड्यूटीवर गेल्यावर वडिलांनी कुणाला न सांगता इस्त्री तापवली. प्लॅस्टिक सुटेल अशी त्यांची अटकळ होती, आणि ती खरी ठरली. प्लॅस्टिक अलगद सुटलं. फक्त सगळी अक्षरं त्याच्याबरोबर गेली. मागे राहिला तो कोरा कागद आणि कोपऱ्यात सिस्टरचा फोटो, तोही मानेपर्यंतच.

संध्याकाळी सिस्टरने तो कागद पाहिला. ती रागावली नाही. थिएटरमध्ये रागावून उपयोग नसतो, ही सवय तिच्या अंगात मुरलेली होती. दुसरी प्रत काढू, एवढंच ती म्हणाली. वडिलांना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या प्रतीसाठी कौन्सिलच्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, की प्रमाणपत्र कसं खराब झालं ते ज्याच्या हातून झालं त्याने लिहून द्यावं. चार ओळी पुरतील. वडिलांनी चार पानं लिहिली. आपल्या हातून केवढ्या मोलाच्या कागदाचं नुकसान झालं हे वाचणाऱ्याला कळायला हवं, तर तो कागद कुणाचा होता हे आधी सांगायला नको का, असा त्यांचा सरळ हिशेब होता. वर विषय घातला, ‘सदर परिचारिकेच्या वर्तनाबाबत सविस्तर निवेदन’, पाकीट डिंकाने बंद केलं आणि स्वतः जाऊन खिडकीत दिलं.

पंधरा दिवसांत प्रमाणपत्राची दुसरी प्रत आली, तिच्यावर शिक्काही बसला. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर आठवड्याने तिकडच्या मंडळाचं पत्र आलं. कौन्सिलने सिस्टरच्या वर्तनाचा दाखला परस्पर पाठवला होता आणि त्यात नोंद होती: ‘एक तक्रार प्राप्त, विचाराधीन.’

सिस्टर हादरली. नऊ वर्षांत तिच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ती कौन्सिलमध्ये धावली, वडील पाठोपाठ. खिडकीवरच्या बाईंनी फाइल काढली आणि त्यातली चार पानं वडिलांनी लांबूनच ओळखली.

“हे माझं अक्षर आहे,” ते म्हणाले.

बाईंचा दोष म्हणावा तर तसाही नव्हता. विषयात ‘वर्तन’ शब्द होता. पहिल्याच पानावर सिस्टरने मोठ्या डॉक्टरांवर आवाज चढवल्याचं लिहिलं होतं. इस्त्रीचा उल्लेख चौथ्या पानावर, तळाशी दीड ओळीत. आणि इतक्या वर्षांत कुणी कौतुक करायला चार पानं खर्ची घातल्याचं बाईंनी पाहिलं नव्हतं. पण एकदा फाइलला लागलेला कागद काढता येत नाही, म्हणाल्या. तक्रार मागे घ्यायचा छापील नमुना आहे, त्यावर सही करा.

वडिलांनी चष्मा पुसून नमुना वाचला. ‘माझ्या अर्जातील मजकूर असत्य असून तो मी मागे घेत आहे.’ त्यांनी पेन खिशात ठेवलं.

“बाबा, करा ना सही. नुसता कागद आहे,” सिस्टर म्हणाली.

“सिस्टर, यातला कुठला मजकूर असत्य आहे ते दाखव, लगेच करतो.”

आईने समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं. जागा राखून ठेवायची मुदत तीन आठवड्यांवर आली होती. वडिलांना ते सगळं दिसत होतं, त्यांची झोप उडाली होती, पण पेन काही उघडेना. शेवटी तिकडच्या मंडळाने तक्रारीचं भाषांतर मागवलं आणि व्हिडिओवर सुनावणी ठेवली. तक्रारदारानेही हजर राहावं, अशी सूचना होती.

सुनावणीच्या सकाळी वडील इस्त्रीचा शर्ट घालून सिस्टरशेजारी बसले. पडद्यावर तिघं होती. मधल्या अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, आवाज कोरडा. त्यांनी एकेक आरोप वाचायला घेतला. सिस्टरने ती पानं तोवर वाचली नव्हती. कौन्सिलने भाषांतर परस्पर करून घेतलं होतं आणि वडिलांना विचारायचं तिच्या जिवावर आलं होतं.

ऑपरेशन चालू असताना आपण वरिष्ठ डॉक्टरांना टाके घालण्यापासून अडवलं, हे खरं का? खरं, सिस्टर म्हणाली. का अडवलं? टाक्यांआधीच्या मोजणीत कापसाची एक घडी कमी भरत होती. अध्यक्षबाईंनी मान वर केली.

“सापडली?”

“सापडली. जिथे राहायला नको होती तिथे.”

अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. चुकीच्या मात्रेचं इंजेक्शन द्यायला नकार दिला, हे खरं का? खरं. ड्यूटी संपूनही एका अनोळखी म्हातारीचा हात धरून पहाटेपर्यंत बसून राहिलात? खरं. घरी आल्यावर बूटही न काढता झोपता? सिस्टरने शेजारी पाहिलं. जेवताना तिने सहज बोलून टाकलेलं सगळं त्या पानांत होतं, तारखांसकट. ती विसरली होती तेही. वडील भिंतीकडे पाहत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

मग तक्रारदाराची पाळी आली. वडिलांना ती भाषा येत नव्हती, म्हणून सिस्टरच दुभाषी झाली. अध्यक्षबाई विचारत होत्या, आपण तक्रार मागे घेता का? घेतलीत तर प्रकरण इथेच मिटेल.

सिस्टरने ते सांगितलं आणि त्याच दमात आपलंही जोडलं, की बाबा, आता नुसतं हो म्हणा.

“त्यांना सांग,” वडील म्हणाले, “एक अक्षरही मागे घेणार नाही.”

सिस्टरला हवं ते सांगता आलं असतं. पडद्यावरच्यांना मराठी येत नव्हतं आणि वडिलांना त्यांची भाषा. पण मोजणीत कमी पडलेलं ती कधी पुरं भरलं म्हणून सांगत नसे. तिने डोळे पुसले आणि जसंच्या तसं सांगितलं. पडद्यावरची तिघं एकमेकांकडे पाहू लागली. निर्णय कळवू, असं म्हणून पडदा काळा झाला.

आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. नवव्या दिवशी पत्र आलं. सिस्टरने उभ्याउभ्या वाचलं आणि मग वडिलांसाठी सावकाश मराठीत सांगितलं: ‘तक्रारीची संपूर्ण चौकशी केली. तक्रारदाराचे सर्व मुद्दे शब्दशः खरे आढळले. ते परिचारिकेच्या कायमच्या नोंदीत ठेवण्यात येत आहेत. नोंदणी मंजूर.’

आईने देवापुढे दिवा लावला आणि सामानाची यादी करायला बसली. वडिलांनी ते पत्र मागून घेतलं. भाषा कळत नसतानाही दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“काय शोधताय?” आईने विचारलं.

“दुरुस्त्या,” वडील म्हणाले. “चाळीस वर्षं नोकरी केली. माझा एकही मसुदा कधी साहेबांकडून लाल शाईशिवाय परत आला नाही. हा पहिलाच.”