टेपरवाले काकाजी

शेजारचे दुलीचंद काकाजी पहिल्यांदा आमच्या घरी आले ते चहाला. चहा त्यांनी बाजूला सारला आणि बेलणं मागितलं. मला वाटलं, त्यांच्या घरी काकूंना हवं असेल. मी दिलं. त्यांनी ते स्वयंपाकघराच्या फरशीवर गडगडत सोडलं, मान तिरपी करून त्याच्या मागे चक्क रांगत गेले, फ्रिजखालून बाहेर काढलं आणि माझ्यासमोर नाचवत म्हणाले, "मॅडम, याच्यानं लाटता तुमी?"

"हो. का?"

"एका अंगानं टेपर हाये, दुसऱ्या अंगानं नाही! कोन्या बयताडानं बनवलं हे?"

बेलणं माझ्या आईनं दिलेलं होतं. दवनीवाड्याच्या शाळेत बदली होऊन मला आठवडाही झाला नव्हता, सामानाचे अर्धे खोके बांधलेलेच होते, आणि शेजारचा माणूस माझ्या आईला बयताड म्हणत होता. त्या दिवसापासून मला काकाजींचा जो राग येत गेला, तो पुढं बरेच महिने टिकला.

काकाजी राइस मिलमध्ये फिटर होते. आता निवृत्त झालेत, घरामागं धानाची थोडी बांधी, म्हणजे शेत, आहे, आणि उरलेला सगळा वेळ ते तीर बनवतात. हो, तीरच, तीरकमठ्यातले. ते तीर ते कुणाला विकत नाहीत, भिंतीवर शोभेला लावत नाहीत, आणि त्यांना स्वतःला तर नेम मारता येत नाही. एकदा माझ्या विनंतीवरून त्यांनी एक तीर सोडून दाखवला. तो आमच्या कपड्यांच्या दोरीवरच्या उशीच्या अभ्र्यातून आरपार गेला. "काडी चांगली होती," काकाजी म्हणाले, "सोडनारा गधा होता."

त्यांचा सगळा जीव काडीत. तीराच्या लाकडी दांडीला ते काडी म्हणतात. सागाची पट्टी घ्यायची, तिचा धागा सरळ आहे का पाहायचा, चौकोनाची गोल करायची, आणि मग खरं काम: पुढून जितकी जाड, तितकी मागं राहता कामा नये. पिसांच्या बाजूला ती हळूहळू बारीक होत गेली पाहिजे, हाच त्यांचा टेपर. यासाठी त्यांनी एका ओंडक्यात लांब घळ पाडली आहे. घळ एका टोकाला उथळ, दुसऱ्या टोकाला खोल. काडी तिच्यात ठेवायची, वरून रंधा ओढायचा, काडी जराशी फिरवायची, पुन्हा रंधा. शेवटी काचकागद. ऐकायला सोपं वाटतं. पण काकाजी हे सगळं भांडत करतात. रंध्याशी भांडतात, सागाशी भांडतात, काडी मोडली तर तिला नावानं हाक मारून शिव्या घालतात. (काड्यांना नावं असतात. "तुले काय कमी केलं होतं वं सुमन?" असं मी माझ्या कानांनी ऐकलंय.)

आणि हे भांडण त्यांच्या अंगणात थांबत नाही. झाडूचा दांडा, छत्रीची काठी, माझ्या हातातला खडू, सगळ्यांवर एकच आरोप: "टेपर नाही." लग्नात गेले तर मांडवाच्या बांबूंचं जाड टोक वर केलंय म्हणून मांडववाल्याची गचांडी धरतात. गावात त्यांना मान्य असलेली एकच वस्तू म्हणजे विजेचे सिमेंटचे खांब, कारण ते वर निमुळते होत जातात. जाता-येता ते खांबांना थोपटतात. माणसांनाही हाच न्याय. बडबड्या माणसाबद्दल म्हणतील, "सुरू होते तेवढ्याच जाडीनं संपते. टेपरच नाही बोलन्यात." हे सांगताना ते स्वतः अर्धा तास बोललेले असतात.

मला याचं हसू यायला हवं होतं. यायचं नाही, कारण मला रोज काकू दिसायच्या.

काकाजींच्या बायकोचं नाव फुलवंता. त्यांना लकवा येऊन गेलेला. पाय सुधारले, जीभ सुधारली, उजवा हात उचलायला लागला, पण हातात दम आला नाही. त्या छपरीत खुर्ची टाकून बसायच्या आणि नवऱ्याच्या रंध्याचा सगळा भुसा उडून त्यांच्या पदरावर पडायचा. बाई आजारी आणि नवरा दिवसभर काड्या तासतोय! एक दिवस मी खिडकीतूनच सुनावलं.

"काकाजी, डॉक्टरांनी काकूंना हाताचा व्यायाम सांगितलाय ना? जरा तिकडे लक्ष द्या."

"चालू हाये ना," ते मान वर न करता म्हणाले.

"काय चालू आहे? मला तर रंधाच दिसतो."

"मॅडम, तुमी शाळेत पोरायले शिकवा. मले कायले शिकवून राहिल्या?"

मी खिडकी आपटून लावली. काकू मात्र भुसा झटकत हसत होत्या, याचाही मला रागच आला.

दिवाळीनंतर इकडे गावोगावी मंडई भरते, जत्राच ती. दुकानं, पाळणे, रात्री दंडार, म्हणजे इकडचं लोकनाट्य. त्या वर्षी शेजारच्या गावच्या मंडईत तीरकमठ्याची स्पर्धा ठेवली होती. काकूंनी मला बोलावून सांगितलं, "तू चाल संगं. हे तिथं कोनासंगं तरी भांडतीन." मी म्हटलं, भांडतीलच, आणि नेमही चुकवतील. ऑटोत काकाजी चादरीत गुंडाळलेला कमठा छातीशी धरून बसले होते. काकूंनी नवं पातळ नेसलं होतं. मला वाटलं, मंडईसाठी.

मैदानात माइकवर नावं पुकारली जात होती. "दवनीवाडा! फुलवंताबाई!"

काकू उठल्या.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या सावकाश चालत रेषेपर्यंत गेल्या. काकाजींनी चादर उलगडली. आत बांबूच्या बारीक कामटीचा, अगदी हलका कमठा होता, मुलं खेळतात त्याच्यापेक्षा थोडाच मोठा. आणि त्यांच्या तासलेल्या काड्यांचे तीर, कोंबड्याची पिसं लावलेले.

"घरचे तीर चालत नाहीत, काका," माइकवाला म्हणाला. "सगळ्यांना कमिटीचे तीर. एकच माप."

काकाजींनी कमिटीचा तीर उचलला. बाजारच्या सरसकट गोल दांड्याला टोक बसवलेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा जाड. मला त्यांच्या मानेवरची शीर फुगलेली दिसली.

"हा तीर हाये? हा खाटेचा पाय हाये! बाईच्या हातात दम नाही, हलकं धनुष्य हाये, त्याच्यावर हे लाकूड कसं जाईन? काऊन समजत नाही तुमाले?"

"नियम आहे, काका."

"नियमात टेपर नाही तुमच्या!"

"ऐका जी," काकू म्हणाल्या. "द्या तो. मी मारतो."

त्यांनी कमिटीचा तीर चढवला. दोरी ओढताना त्यांचा उजवा हात थरथरत होता, पण खांदा, मान, नजर, सगळं अशा बेतानं जागच्या जागी बसलं की मला कळलं, ही बाई आज पहिल्यांदा उभी राहिलेली नाही. तीर सुटला आणि निम्म्या वाटेत मातीत पडला.

"आजीचा तीर दमला, मंडळी!" माइकवाला ओरडला. मैदान हसलं.

काकाजी धावले, पण त्यांच्या आधी मी पोचले होते. मी त्याच्या हातातून माइक हिसकावला आणि आजारी बाईवर हसणाऱ्या कमिटीबद्दल, त्यांच्या नियमाबद्दल आणि त्यांच्या आईवडिलांनी केलेल्या संस्कारांबद्दल मला जे वाटत होतं ते सगळं बोलून टाकलं. मधेच कुणीतरी वायर काढली होती, त्यामुळे बहुतेक भाग फक्त माइकवाल्यालाच ऐकू गेला. पण त्याला तो पुरला असावा.

परतताना ऑटोत काकू बोलत होत्या. त्यांचं माहेर नवेगाव बांधकडचं. वडील जंगलखात्यात मजूर, शेजार सगळा गोंडांचा. त्या पोरांबरोबर त्याही कमठा चालवायला शिकल्या. "हे मले पाहाले आले तं मी घरी नव्हतीच. मांगं चिंचा पाडून राहिली होती तीरानं. यायनं तिथंच पाहिलं मले. घरात मंग आलेच नाही, तिथंच चिंचा येचत बसले." त्या हसल्या. काकाजी बाहेर बघत होते. रस्त्यात विजेचे किती तरी खांब गेले, पण एकाचंही कौतुक झालं नाही.

त्यानंतर बरेच दिवस रंधा बंद होता. मला त्या शांततेची सवय होईना. शेवटी मीच डबा घेऊन गेले. काकाजी ओंडक्यापाशी नुसते बसले होते.

"माह्यानं चुकलं, मॅडम. तिले तिथं न्याले नाही पाहिजे होतं. मले वाटलं, लोकायनं पाहावं एकदा. ते सारे तिले लकव्यावाली म्हनून ओळखतेत."

मी म्हटलं, "मग आता बंद का सगळं?"

"बंद कायले? रोजच्यासारखं चालू हाये मांगं," ते उसळून म्हणाले, आणि एक काडी माझ्या हातात दिली. गवताच्या काडीसारखी हलकी. "पन याच्यापेक्षा बारीक केली तं मोडते. आनि तिचा हात..." ते उठले आणि मला मागं घेऊन गेले.

मागच्या बांधीतलं धान निघालं होतं. तिथं तणसाचा पेंढा भरलेलं एक पोतं उभं केलेलं होतं आणि काकू खुर्ची धरून उभ्या होत्या. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर त्यांच्याजवळ जाऊन थांबले. त्यांनी तीर सोडला. तो पोत्याच्या थोडा अलीकडे पडला.

"वाऱ्यानं पाडला!" काकाजी ओरडले. "हा वारा कोनं सोडला?" शिव्या देत ते तीर आणायला गेले. वाकले, तीर उचलला, आणि उठता उठता गुडघ्यानं पोतं आमच्या बाजूला थोडं ढकललं. मग पाठीवर हात ठेवून, कंबर दुखतेय असं दाखवत, परत आले.

पुढचा तीर पोत्याच्या कडेला लागला.

"पाहा! टेपर!" काकाजी मला म्हणाले. "तो माइकवाला असता ना आता इथं!" आणि पुन्हा तीर आणायला निघाले, त्या माइकवाल्याला, कमिटीला, बाजारच्या दांड्यांना आळीपाळीनं शिव्या देत. पोत्यापाशी ते पुन्हा वाकले. पोतं पुन्हा हललं.

मी काकूंकडे पाहिलं. त्या तिकडेच बघत होत्या.

"रोज सरकते ते," काकू हळूच म्हणाल्या. "तू बोलू नोको त्यायले."

आणि त्यांनी पदर खोचला, पुढचा तीर दोरीवर चढवला, आणि नवरा पोत्यापासून बाजूला होण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.