वामनरावांचा फोन, अर्जुनरावांचा कान

"या बिनवायरच्या हेडसेटपुढं वामनरावचा फोन म्हंजे नुसता ठोकळा!" जळगाव जामोदच्या बाजारातून परतलेल्या अर्जुनरावांनी घरात पाऊल टाकताच जाहीर केलं.

वामनराव म्हणजे बांधाला बांध लागलेले शेजारी. त्यांचा नवा फोन! दोन-दोन दिवस चार्जिंग पुरायचं, सातपुड्याच्या पायथ्यालाही रेंज मिळायची. त्यात बघून बघून त्यांनी बीटी कपाशी अशी राखली होती, की अर्जुनरावांच्या पोटात ठेचा पेटायचा! कारण यांच्या बोंडांत गुलाबी अळी घुसलेली.

"वामनभाऊजीले इचारा ना एकडाव," बायको चांगुणा म्हणायची.

"वावर गेलं तरी चालंल, पण त्याले इचारनार नाही!"

मिरवायची घाई एवढी, की अर्जुनराव तडक वामनरावांकडं गेले. हेडसेट त्यांच्याच फोनला जोडला आणि त्यांच्याच कानात कोंबला.

"ऐका! हाये का असा आवाज?"

"लय भारी हो, अर्जुनराव!"

काळजाला गारवा मिळाला. पण त्या घडीपासून हेडसेट वामनरावांच्या फोनला फितूर झाला! अर्जुनरावांच्या जुन्या फोनकडं ढुंकून बघेना. तरी दुसऱ्या दिवशी चार लोकांनी पाहावं म्हणून ते तो कानात घालूनच वावरात गेले.

बांधापलीकडं वामनरावांचा फोन वाजला.

"हॅलो? हॅलो! आवाजच नाही येऊन राह्यला!" वामनराव ओरडले.

येईल कसा? आवाज अर्जुनरावांच्या कानात येत होता! आणि तोही कोणाचा?

"भाऊजी, मी चांगुणा."

अर्जुनरावांच्या तोंडून नुसतं "हूं" निघालं.

"हे वावरात गेले, म्हून फोन केला. यायले कळू देऊ नका बरं!"

"हूं!"

"सांजच्याले हे पारावर गेले का मी येतो तुमच्याकडं. तुम्ही सांगत होते ना, मादीचा वास सुटला का नर धावत येते..."

अर्जुनराव संतापून घराकडं धावले. पण थोडं दूर जाताच आवाज खरखरला, तुटला. पुढचं ऐकल्याशिवाय राहवेना! आले तसेच बांधाकडं परतले.

"...अन् अडकलाच म्हन्ता!" चांगुणा हसत होती.

मग मात्र ते बांधावरून उडी मारून वामनरावांवर धावून गेले. "काऊन बे! माह्या बायकोले नर-मादी शिकवतं?"

"अहो, मले तं काहीच ऐकू नाही येऊन राह्यलं!"

"चांगुणे!" अर्जुनराव गरजले.

चांगुणा चकित होऊन म्हणाली, "अगं माय! भाऊजी, तुमचा आवाज आज थेट आमच्या यायच्यासारखा काऊन येते?"

अखेर चांगुणानं कानातच सगळा उलगडा केला. चांगुणा गुलाबी अळीच्या पतंगांसाठी कामगंध सापळे मागत होती! मादीच्या वासाची गोळी ठेवायची, नर पतंग येतात आणि अडकतात.

"मले काऊन नाही सांगतलं?" त्यांनी कानातल्या बायकोला विचारलं.

"सांगतलं असतं तं आनू देले असते?"

अर्जुनरावांनी हेडसेट काढून खिशात घातला. वामनरावांनी आपल्याकडचे जादा सापळे काढून दिले. संध्याकाळी नवरा-बायकोनं मिळून ते कपाशीत लावले.

सकाळी अर्जुनराव सगळ्यांच्या आधी वावरात पोहोचले. आपल्या सापळ्यात डोकावले. मग इकडंतिकडं बघून, हळूच बांध ओलांडून वामनरावांच्या सापळ्यातही डोकावले. घरी आले ते तोंड पाडूनच.

"काय झालं? पतंग नाही सापडले का?" चांगुणानं घाबरून विचारलं.

"सापडले ना! पन त्या वामनरावच्या सापळ्यात आपल्याहून जास्त हायेत!"