परत सांगा, माणिकराव

माणिकरावांना तुम्ही नुसता ‘राम राम’ घातलात तरी ते तुम्हाला सोडत नाहीत. आधी ‘राम राम मिळाला’ म्हणतात, मग स्वतःचा राम राम देतात आणि तो मिळाल्याचं तुम्ही सांगेपर्यंत वाट अडवून उभे राहतात. नव्या माणसाला वाटतं, यांच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका आडबाजूच्या स्टेशनावर स्टेशन मास्तर आहे आणि सात वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. बिघाड असलाच तर तो आता माझ्या डोक्यात आहे.

माणिकराव आमच्याकडे वायरलेसची देखभाल करतात. ड्रायव्हर, गार्ड आणि मी ज्या वॉकीटॉकीवर बोलतो ते सेट त्यांच्या ताब्यात. त्या बोलण्याचा नियम असा, की ज्याला निरोप मिळाला त्यानं तो शब्दाला शब्द परत सांगायचा. चुकीचं ऐकून कुणी गाडी हलवू नये, म्हणून. नियम चांगलाच आहे. माणिकरावांनी तो घरीदारी आणि बाजारातही लागू केला, एवढंच. बेंबळी त्यांचं गाव; तिथल्या भाजीवालीला ते “अर्धा किलो दोडका, कवळा बघून. परत सांगा,” म्हणतात. एकदा चहावाल्यानं दोन चहाची ऑर्डर ऐकून नुसती मान हलवली. उन्हानं जीव कासावीस झालेला, म्हणून मीच म्हणालो, “कळलं त्याला. दोन चहा.”

“तुमी नका सांगू, मास्तर. ज्याला निरोप मिळाला त्येनंच सांगायचा असतो.”

चहा आला तोवर माझी तलफ मेली होती.

शिवाय आवाजाला गुण. गाडी स्टेशनात आली की ड्रायव्हरला सेटवर हाक मारायची आणि आवाज पाचपैकी किती, ते रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं काम. पण त्यांच्या तडाख्यातून कुणीच सुटत नाही. गावचं भजनी मंडळ, तीन. सरपंच, दोन. माझी बायको एकदा डबा घेऊन आली, तिला “चार, पण शेवटाला खरखर.” मी सात वर्षांत साडेतीनच्या वर गेलो नाही.

या खोडीपायी त्यांचं घर मात्र फुटलं. मुलगा संतोष मालगाडीवर ड्रायव्हर. त्याच्यासाठी मुलगी बघायला हे माकणीला गेले. मुलीचे वडील हेडमास्तर. मुलगी पसंत पडली, बोलणी झाली, साखरपुड्याचा दिवस ठरला. माणिकराव म्हणाले, “परत सांगा.” हेडमास्तरांनी सांगितलं. “शब्दाला शब्द सांगा.” तेही सांगितलं. तिसऱ्यांदा मात्र पोह्यांची बशी खाली ठेवून ते उठलेच. “मी काय दुसरीतला पोरगा आहे का?” स्थळ मोडलं. संतोषनं पुढं हेडमास्तरांची समजूत काढली आणि त्याच मुलीशी लातूरला नोंदणी लग्न केलं. बापाला कळवलंसुद्धा नाही. त्याला दोन वर्षं झाली. तो बेंबळीला येत नाही आणि बापाचा फोन उचलत नाही.

वॉकीटॉकी मात्र उचलावीच लागते. आठवड्यातून एखादे दिवशी दुपारी संतोषची मालगाडी आमच्याकडे क्रॉसिंगला थांबते. त्या दिवशी टेस्ट अशी चालते.

“टेस्टिंग. आवाज कसा?”

“पाचपैकी पाच.”

“न्हाय आला. परत सांगा.”

“पाचपैकी पाच.”

“खरखर हाय. परत.”

असं चार-पाच वेळा. सेट खराब समजून मी तो दोनदा दुरुस्तीला पाठवला. दोन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’ असा कागद आला. मग माझ्या मंद डोक्यात उजेड पडला आणि मी सेट पाठवणं बंद केलं.

आता नवी यंत्रणा आली. ती स्वतःच स्वतःला तपासते आणि ठीक असली की पडद्यावर हिरवा दिवा लावते. मला तिच्यापायी दोन प्रशिक्षणं आणि ढीगभर फॉर्म झाले. दमलेल्या माणसाला नवं काही आलं की फक्त चष्मा पुसावासा वाटतो. पण माणिकरावांचे सेट जमा होणार होते आणि टेस्टही बंद होणार होती. मी म्हटलं, “एकदा सेटवरच बोलून टाका की पोराशी.”

ते उसळलेच. “ह्यो काय घरचा फोन हाय व्हय? आजवर म्या कुणाला घरचं बोलू दिलं न्हाय.”

शेवटच्या दिवशी दुपारी सगळे सेट खोक्यात भरले. एक तेवढा माणिकरावांच्या हातात राहिला. संतोषची गाडी येऊन थांबली.

“टेस्टिंग. आवाज कसा?”

“पाचपैकी पाच.”

या वेळी ते ‘परत सांगा’ म्हणाले नाहीत. बराच वेळ खिडकीतून इंजिनाकडे बघत राहिले. मग बटण दाबून कामकाजी सुरात म्हणाले, “निरोप घ्या. रविवारी सूनबाईला घेऊन बेंबळीला या. हेडमास्तरांची माफी म्या माकणीला जाऊन मागतो. परत सांगा.”

संतोषनं सगळा निरोप शब्दाला शब्द परत सांगितला आणि म्हणाला, “आता माझा निरोप घ्या. रविवारी आमी दोघं येतो. परत सांगा, अप्पा.”

माणिकरावांनी बटण दाबलं, तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. सगळ्या जगाकडून निरोप वदवून घेणारा माणूस, आणि चार शब्द निघेनात. मला बघवेना. मी सेट घेतला आणि म्हणालो, “रविवारी दोघं येताय. मिळालं.”

“तुमी नका सांगू, मास्तर,” संतोष म्हणाला. “ज्याला निरोप मिळाला त्येनंच सांगायचा असतो.”

मी सेट परत त्यांच्या हातात दिला.

“रविवारी… आमी दोघं येतो,” माणिकराव म्हणाले. आवाज पार फाटला होता, पण एकेक शब्द ऐकू आला.

“न्हाय आला, अप्पा,” संतोष म्हणाला. “परत सांगा.”

सेटमध्ये दोष नव्हता. माझ्याकडे तसे दोन कागद आहेत.