टोमॅटोवरचा दिवा

माणूस भुकेपोटी खरेदी करतो, हा मानवजातीचा फार जुना गैरसमज आहे. भुकेपोटी माणूस फक्त जेवतो; खरेदी तो उजेडापोटी करतो. हे सत्य किराणा दुकानदार काकांना जरा उशिराच कळलं. तोवर समोरच्या काचेच्या झगमगीत दुकानाने त्यांचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक गिळून ढेकर दिला होता.

काकांच्या दुकानात एकच ट्यूबलाइट होती आणि तीही मनात आलं तर लागायची. डाळ कुठली, हे गिऱ्हाईक चाचपून ओळखायचं. (त्यामुळे वस्तीतल्या लोकांची बोटं फार हुशार होती.) पण प्रगतीपुढे कोणाचं चाललंय?

"पुरे झालं," काकू म्हणाल्या. "टाळं लावा आणि माझ्या भावाच्या गोदामात जाऊन बसा. नोकरी देतोय तो."

मेहुण्याने खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती. "दाजी, लाजायचं नाही हं! सकाळी आलात की मला एक सलाम ठोकायचा, बाकी काम काही नाही."

ज्याला आपण मागून धरून सायकल शिकवली, त्याला सलाम? काकांनी तडकाफडकी एक सजावटकार गाठला.

सजावटकार विद्वान होता. आल्या आल्या तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला. (फी त्याचीच असते.) मग त्याने योजना मांडली. टोमॅटोवर लाल दिवा, पालेभाजीवर हिरवा. पावावर सोनेरी, म्हणजे परवाचा पावही आत्ताच भट्टीतून उतरल्यासारखा दिसतो. दूध सगळ्यात आतल्या कोपऱ्यात; कारण दुधाला आलेला माणूस वाटेत बिस्किटं, साबण आणि घरी आधीच असलेला झाडू घेतल्याशिवाय तिथवर पोचता कामा नये. भाजीमागे आरसा: अर्धी टोपली भरलेली दिसते आणि गिऱ्हाईक केस सारखे करायला थांबतं.

"आणि माल ताजा आणायचा का?" काकांनी भीत भीत विचारलं.

"त्याचा इथे काय संबंध?" सजावटकार खरोखरच गोंधळला.

दिवे लागले आणि गिऱ्हाईक लोटलं. सुकलेली वांगी राजबिंडी दिसू लागली. एका दुपारी काका लाल दिव्याखाली डुलकी काढत होते, तर एका बाईंनी त्यांचा गाल दाबून पाहिला आणि "कसे दिले?" म्हणून विचारलं. (काकांनी भाव सांगितला. धंदा तो धंदा.)

मात्र लवकरच तक्रारी सुरू झाल्या.

"काका, इथे हे वांगं नवरदेव होतं हो! घरी नेलं तर सासऱ्याहून म्हातारं निघालं!"

काकांच्या डोळ्यांपुढे मेहुण्याची खुर्ची नाचू लागली. पण सजावटकाराने प्रकरणाची रीतसर चौकशी करून असा निष्कर्ष काढला की, सदर वांग्यात कोणताही दोष नसून दोष गिऱ्हाइकाच्या घरच्या उजेडात आहे. सबब, दुकानात दिवेही विकावेत.

दिवे वांग्यांपेक्षा जास्त खपले. तक्रारी शून्यावर आल्या. घरोघरी भाज्या टवटवीत, भिंती नुकत्या रंगवलेल्या आणि नवरे दहा वर्षांनी तरुण. सोनेरी उजेडात कोणाची कावीळ दिसेना, त्यामुळे वस्तीचं आरोग्यही झपाट्याने सुधारलं.

आणि एके दिवशी भर दुपारी, दुकान गच्च भरलेलं असताना वीज गेली.

दारातून साधा, फुकटचा, दिवसाचा उजेड आत आला. टोमॅटो, वांगी, पाव, सगळं जसं होतं तसं दिसलं.

"अहो, भावाला फोन लावू का?" काकू कुजबुजल्या. काकांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. सलामाचा सराव आत्तापासून केलेला बरा.

रांगेतले पहिले आजोबा पुढे झाले. त्यांनी एक टोमॅटो उचलला, हुंगला, परत ठेवला आणि बोट रुमालाला पुसलं.

"काका, वीज कधी येईल?"

"येईल... एवढ्यात येईल."

"मग थांबतो की आम्ही. घाई कसली?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. ते पाहून मागच्या बाईंनी मिटले. मग अख्ख्या रांगेने, पिशव्या पोटाशी धरून, अगदी शिस्तीत मिटले.

मेहुण्याची खुर्ची अजून रिकामीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, असली भोळी माणसं असतात तरी कुठे? रांगेत तुमच्या मागे-पुढेच उभी होती. तुम्हाला ती दिसली नाहीत, कारण डोळे तुमचेही मिटलेले होते.