मागच्या सीटवरचे साडू

थोरले आणि धाकटे हे दोघे साडू चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते, आणि रोज सकाळी एकाच स्कूटरवर बसून एकाच ऑफिसला जात होते. यात कोणाला काही विचित्र वाटत असेल, तर त्याने एकदा ती स्कूटर उचलून पाहावी.

ती दोघांनी मिळून घेतली होती. थोरल्यांना मोटारसायकल हवी होती आणि धाकट्यांना लहानशी, बायकोलाही चालवता येईल अशी गाडी. शेवटी दोघांचे मन राखायचे म्हणून मधल्या आकाराची स्कूटर आली, आणि दोघेही सारखेच नाराज झाले. मोटारसायकलचा तोरा नाही, वजन मात्र तिच्याइतके. इमारतीच्या अरुंद आवारात ती मेन स्टँडवरच लावावी लागे आणि मेन स्टँडवर चढवणे एकट्याचे काम नव्हते. त्यामुळे अबोला सुरू झाल्यावरही रोज संध्याकाळी दोघे साडू एकमेकांकडे न बघता ती मिळून उचलत, आणि एक पहिल्या मजल्यावर, एक दुसऱ्या मजल्यावर निघून जात. एक आठवडा हे चालवत, एक आठवडा ते. भांडणाने माणसे तोडली होती, पाळ्या तोडल्या नव्हत्या.

भांडण झाले ते सासरे गेले त्या दिवशी. त्या महिन्यात सर्व्हिसिंगची पाळी थोरल्यांची होती. मेकॅनिकने बेल्ट बदलायला सांगितले होते, थोरले "बघू पुढच्या महिन्यात" म्हणाले होते. बेल्ट मेकॅनिकच्या पक्षाचा निघाला आणि नेमका त्या दिवशी वाटेत तुटला. बायका आधीच पुढे गेल्या होत्या आणि हे दोघे जावई भर रस्त्यात स्कूटर ढकलत होते. घामाघूम होऊन पोहोचले तेव्हा सगळे आटोपले होते. ज्या घरात त्या दिवशी आवाज चढवायचा नसतो, त्या घरात धाकटे चारचौघांत म्हणाले, "एक बेल्ट बदलता आला नाही यांना." थोरले आधीच शरमेने अर्धे झाले होते. अर्धा झालेला माणूस फार वाईट बोलतो. "तुम्हाला एवढा पुळका कशाला?" ते म्हणाले. "त्यांना तुम्ही कधी आवडलाच नाहीत."

धाकटे त्यावर काही बोलले नाहीत आणि नंतरही बोलले नाहीत. खरी गोष्ट नेमकी उलटी होती. सासऱ्यांचा जीव धाकट्यांवरच जास्त होता आणि ते थोरल्यांना बरीच वर्षे सलत होते.

आता माफी कोणी मागायची? लहानाने मागायची, मोठ्याने पोटात घालायची, अशी रीत. पण या घरात लहान कोण हेच ठरत नव्हते. थोरले हे थोरल्या बहिणीचे नवरे, म्हणून नात्याने मोठे. धाकटे धाकटीचे नवरे, पण वयाने थोरल्यांपेक्षा तीन वर्षांनी मोठे. एरवी दोघे एकमेकांना "तुम्ही" म्हणून वेळ मारून नेत. आता थोरले नात्याच्या बाजूने वाट बघत बसले आणि धाकटे वयाच्या बाजूने.

अशात धाकट्यांनी दूरच्या शाखेत बदली मागून घेतली. मंजुरी आली. सकाळी अकरापर्यंत लेखी होकार दिला की झाले. आदल्या संध्याकाळी धाकटीमार्फत वर निरोप आला, "स्कूटर तुम्हीच ठेवा म्हणालेत." थोरल्यांना त्याचा अर्थ कळला. ज्या गाडीवरून एवढे रामायण झाले, ती माणूस सहज सोडतो म्हणजे तो सगळेच सोडून चाललेला असतो.

सकाळी थोरली दारात उभी राहिली. "आज बोला त्यांच्याशी."

"मी मोठा आहे नात्याने."

"मोठेच राहा. माझी बहीण निघून गेली की खालच्या मजल्यावर कुलूप असेल. त्या कुलपाला सांगा तुम्ही नात्याने मोठे आहात म्हणून."

थोरल्यांनी हेल्मेट चढवले. बोलायचे त्यांनी रात्रीच ठरवले होते. पण बायकोने सांगितल्यावर ठरवले असे दिसू नये म्हणून ते मुद्दाम कपाळाला आठ्या घालून जिना उतरले.

वाटेत पेट्रोल भरायचे होते. या स्कूटरची टाकी सीटखाली. पेट्रोल घ्यायचे म्हणजे दोघांनी उतरायचे, सीट वर करायची. सीटखालच्या डिकीत दोघांच्या बॅगा होत्या. धाकट्यांच्या बॅगेत होकाराचे पत्र, पाकीट आणि फोन. धाकटे उतरून पाणी प्यायला नळाकडे गेले. टाकी भरली, थोरले सीट खाली करून पुढे बसले आणि मनातल्या मनात पहिले वाक्य जुळवू लागले. बोलचाल होती तेव्हा धाकटे मागे बसले की "चला" म्हणत. अबोल्यापासून तेही बंद झाले होते. सीट दबली की माणूस बसला, असे समजून थोरले निघत.

सीटचे कुलूप नीट लागले नव्हते. पेट्रोल भरणाऱ्याने भल्या मनाने मागे दोन्ही हात टेकून जोरात दाब दिला. स्कूटर खाली दबली. थोरले निघाले.

नळाशी उभ्या असलेल्या धाकट्यांनी हे पाहिले. हाक मारली असती तर स्कूटर दहा पावलांवर थांबली असती. पण हाक मारणे म्हणजे आधी बोलणे. धाकट्यांनी तोंड उघडले, विचार केला आणि मिटले.

उड्डाणपुलावर थोरल्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि जन्मात कधी बोलले नव्हते असे बोलले. "हे बघा, मध्ये बोलू नका. एकदा थांबलो की मला पुन्हा जमायचं नाही. बेल्टची चूक माझीच. आणि ते जे बोललो ना, ते खोटं होतं. तुम्ही जवळ बसलात की ते जेवायचे, मी बसलो की झोपायचे. मला दिसायचं हो. मला हेवा वाटायचा, म्हणून तसं बोललो. त्या दिवसापासून घास गोड लागत नाही. जाऊ नका तुम्ही. स्कूटर घेऊन काय करू मी एकटा?" वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते. वाऱ्यानेच येत होते असे त्यांचे म्हणणे होते. धाकटे एकदाही मध्ये बोलले नाहीत, याचे त्यांना फार बरे वाटले. माणूस ऐकून घेतोय म्हणजे अर्धे काम झाले.

ऑफिसच्या फाटकात त्यांनी स्कूटर थांबवली. "आता तुम्ही बोला," ते समोर बघतच म्हणाले. "शिव्या दिल्यात तरी चालतील."

"मी कशाला शिव्या देऊ साहेब?" वॉचमन म्हणाला.

थोरल्यांनी मागे पाहिले. पहिल्यांदा वाटले, पडले कुठेतरी. मग त्याहून वाईट विचार आला: ऐकल्यानंतर पडले की ऐकण्याआधी? ऐकून, नको म्हणून उतरून गेले असतील तर?

ते आल्या रस्त्याने परत फिरले. पुलाच्या कडेने हळूहळू, गटारात डोकावत, "इथे कोणी साडू पडलेत का?" असे विचारत. लोक आधी "काय पडलंय?" विचारत आणि मग नाही म्हणत. तेवढ्यात सीटखाली फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. थोरल्यांनी सीट उघडून धाकट्यांच्या बॅगेतला फोन घेतला. धाकटी होती.

"भावोजी? यांचा फोन तुमच्याकडे कसा?"

"ते... जरा बाजूला आहेत."

"म्हणजे फोन तुमच्या हातात दिला त्यांनी? बोललात तुम्ही?"

"मी बोललो," थोरले म्हणाले. यात खोटे काहीच नव्हते.

पलीकडे धाकटी रडायला लागली. मग फोन न ठेवताच तिने वरच्या मजल्याच्या दिशेने "ताई" अशी हाक मारली. थोरल्यांना जिन्यावर धावणारी पावले ऐकू आली, मग दोघी बहिणींचे रडणे ऐकू आले. हरवलेल्या माणसाशी समेट झाल्याबद्दल थोरलीने फोनवर त्यांचे कौतुकही केले. इतके गोड ती लग्नानंतर प्रथमच बोलत होती. थोरल्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पंपावर खुलासा झाला. "ते इथंच राहिले की," पेट्रोल भरणारा म्हणाला. "मी म्हटलं, हाक मारा. म्हणाले, मी का मारू? आणि पायी निघाले मधल्या गल्लीतून."

थोरल्यांना रस्त्यावरच मटकन बसावेसे वाटले. आयुष्यातली एकमेव माफी आपण वाऱ्याला सांगितली. पुन्हा मागायची म्हटली तरी तसे शब्द आता येणार नव्हते, ते उधळून झाले होते. आणि वर माणसाला रस्त्यात टाकून आलो.

ते ऑफिसात पोहोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. धाकटे आपल्या टेबलाशी बसले होते. बुटांवर धूळ, शर्ट पाठीला चिकटलेला. बाजूच्या कारकुनाने हळूच सांगितले की पत्र बॅगेत आणि हे पायी पोहोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते, मोठे साहेब अकरापर्यंत थांबले, दुसरा एकजण बाशिंग बांधून बसलेलाच होता, त्याला पाठवायचे ठरले. बदली गेली.

थोरल्यांनी बॅग टेबलावर ठेवली. धाकट्यांनी तिच्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. चार महिन्यांनी त्यांचा आवाज निघाला, तो बराच घोगरा होता.

"मुद्दाम केलंत ना?"

थोरले "नाही हो" म्हणायला निघाले. शप्पथ घ्यायला हातसुद्धा गळ्याशी गेला. आणि मग त्यांच्या ध्यानात आले की खरे सांगायचे म्हणजे काय सांगायचे? तुम्ही मागे नाही हे मला कळलेच नाही. सबंध रस्ताभर कळले नाही. तुम्ही असलात काय, नसलात काय, स्कूटर तशीच चालते.

एकदा त्या माणसाला, तुम्ही कोणाला आवडला नाहीत, असे सांगून झाले होते. दुसऱ्यांदा सांगायचे त्यांच्या जिवावर आले.

"हो," थोरले म्हणाले. "मुद्दाम."

"पत्रासकट?"

"पत्रासकट."

"मी जाऊ नये म्हणून?"

थोरल्यांनी नुसती मान हलवली. सगळा विभाग माना खाली घालून कान टवकारून बसला होता. धाकट्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बोलायचं ना मग तोंडानं," ते म्हणाले. "असा छळ करतात होय माणसाचा? पाय बघा माझे." आणि थोड्या वेळाने, इकडेतिकडे बघत, "दूरच होती हो ती शाखा. मलाही रात्री झोप नव्हती लागली."

"ते सासऱ्यांबद्दल मी जे..."

"राहू द्या. कळलं मला. शब्दांत कशाला सांगायला पाहिजे?"

संध्याकाळी धाकटे मागे बसले ते बोलतच. चार महिन्यांचे साठलेले सगळे एकदम बाहेर पडत होते. ऑफिसात त्यांनी दिवसभरात किमान आठजणांना "आमच्या साडूंनी मला जाऊच दिलं नाही" हे सांगितले होते, आणि प्रत्येक वेळी गोष्टीत थोरल्यांचा बेत जास्त खोल होत गेला होता. घरी गेल्यावर ती आणखी दोनदा सांगितली जाणार होती. आणि आपण मात्र ती जन्मभर ऐकत बसणार, बायकोलाही खरे सांगता येणार नाही, या विचाराने थोरल्यांचे मन भरून आलेल्या आभाळासारखे जड झाले होते.

उड्डाणपुलावर धाकटे जरा वेळ गप्प झाले. थोरल्यांनी डावा हात हळूच मागे नेला आणि चाचपून पाहिले. गुडघा हाताला लागला. धाकट्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला, थोपटला आणि ते म्हणाले, "असू द्या, असू द्या. आता कुठे जात नाही मी."

थोरल्यांनी हात सोडवून घेतला नाही. पूल संपेपर्यंत ते एकाच हाताने स्कूटर चालवत राहिले.